व्यक्ती दोन

मकरंद आवटीने मिरजेत चारशे बारा घरांत राउटर बसवले होते, आणि त्या सगळ्यांचा पासवर्ड एकच होता. मिरज, मग अ‍ॅट, मग एक-दोन-तीन-चार.

त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. त्याची बहुतेक गिऱ्हाइकं साठीच्या पुढची. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि घरात एकटं माणूस. सुरुवातीला तो प्रत्येकाला वेगळा, लांबलचक पासवर्ड करून द्यायचा, कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा. आठवड्यात फोन यायचा, ‘अरे, तो कागद कुठं गेला रे?’ असे दिवसाला दहा-बारा फोन. शेवटी त्याने एकच पासवर्ड ठरवला. फोन आला की तो जेवता जेवतासुद्धा सांगू शकत होता.

पण हे राउटर जुन्या डब्यांसारखे नव्हते.

वायफायच्या लहरी खोलीभर पसरतात, भिंतीवर, कपाटावर, माणसावर आपटतात आणि परत येतात. जुने राउटर या परतलेल्या लहरींकडे दुर्लक्ष करायचे. नवे राउटर त्या वाचू लागले. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती अर्धा सेंटिमीटरही वर येत नाही, पण परतणाऱ्या लहरीत तेवढ्यानेही फरक पडतो. त्यावरून घरात किती माणसं आहेत, कोण कुठल्या खोलीत आहे, बसलंय की पडलंय, मिनिटाला किती श्वास चाललेत, हे सगळं डब्याला कळायचं. कॅमेरा नको, अंगावर पट्टा नको. मिरज हे दवाखान्यांचं गाव. ऑपरेशन करून घरी सोडलेल्या पेशंटला डॉक्टरच सांगू लागले, की हा डबा लावून घ्या.

दोन-तीन आठवडे एखाद्या घरात राहिला की डबा माणसं ओळखू लागायचा. चालताना कुठल्या पायावर भार जास्त, श्वास सोडल्यावर किती वेळ थांबायची सवय, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. त्याची एक छोटी फाइल बनायची. तिला कंपनी ‘ओळख’ म्हणायची. घर बदललं तर ती नव्या डब्यात टाकता यायची.

कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की प्रत्येक घराचा पासवर्ड वेगळा आणि मोठा ठेवा, आणि एन्क्रिप्शन नव्या प्रकारचंच वापरा. एन्क्रिप्शन म्हणजे डबा आणि फोन यांच्यात चाललेलं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून घातलेलं कुलूप. नव्या प्रकारात आणखी एक सोय होती. अनोळखी फोन जोडायचा असेल तर पासवर्ड बरोबर असूनही घरातल्या माणसाला डब्यावरचं बटण दाबावं लागे. पण म्हाताऱ्यांची प्रेशर मोजायची, ऑक्सिजनची जुनी मशीन त्या प्रकाराला जोडलीच जात नसत. मग मकरंद सगळीकडे जुनं एन्क्रिप्शन चालू ठेवायचा. काम होत होतं. तक्रार नव्हती.

जानेवारीत संकेत शिरगुप्पे त्याच्या दुकानात आला. हसतमुख माणूस, दवाखान्यांना यंत्रं पुरवायचा. त्याच्या फ्लॅटमधला डबा मकरंदनेच बसवलेला.

“मकरंदभाऊ, घर बदलतोय. मिसेसची ओळख नव्या घरच्या डब्यात टाकायची आहे. काढून देता?”

“त्यांना घेऊन यायला पाहिजे होतं. त्यांच्या फोनवर विचारतंय ते.”

“माहेरी गेलीय ओ. तिचा जुना फोन आहे की माझ्याकडं.”

मकरंदने त्या फोनवर होकाराचं बटण दाबलं आणि फाइल काढून संकेतच्या फोनवर टाकली. फाइलचं नाव होतं ऋतुजा. पाच मिनिटांचं काम. निघताना संकेतने सहज विचारलं, “नव्या घरी तुमचाच माणूस डबा लावून गेलाय. पासवर्ड तोच ना, आमच्या जुन्या घरातला?”

“तोच,” मकरंद हसला. “माझ्याकडं सगळ्या गावाला एकच किल्ली आहे.”

त्यानंतर आठवड्याने त्याला एस्थर लोंढेबाईंचा फोन आला. मिशनच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या, सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. मकरंदच्या दोन्ही मुलांच्या वेळी लेबर रूममध्ये त्याच होत्या. नवरा गेल्यापासून चर्चच्या मागच्या छोट्या बंगल्यात एकट्या राहायच्या.

तो गेला तेव्हा सिस्टर एकट्या नव्हत्या. स्वयंपाकघरात एक तिशीतली बाई मटार सोलत बसली होती. डावं मनगट ती मांडीवर जपून ठेवत होती. मकरंदला पाहून ती उठली आणि आतल्या खोलीत गेली.

“माझी भाची आहे,” सिस्टर म्हणाल्या. ती भाची नाही हे मकरंदला कळलं, आणि त्याला कळलंय हे सिस्टरनाही. “डबा माझ्या फोनवर सारखं विचारतोय, घरात दुसरी व्यक्ती आहे, नाव काय. मला नाव द्यायचं नाही.”

“नका देऊ. तो ‘व्यक्ती दोन’ म्हणून ठेवेल.”

“आणि हे बाहेर कुणाला दिसेल?”

“छे.”

सिस्टरनी दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला. “मकरंद, नीट ऐक. हिचा हात पडून मोडलेला नाही. मी रिटायर व्हायच्या आधी ती दोनदा आमच्या वॉर्डात आली होती, दोन्ही वेळा पडले म्हणून सांगत. तेव्हाच मी तिला माझा नंबर दिला होता. आता आलीय. तिच्या आईला पत्ता माहीत नाही, भावाला माहीत नाही. मला फक्त एवढं सांग, या डब्याचा पासवर्ड माझ्या एकटीच्या घराचा आहे ना? दुसऱ्या कुणाकडं नाही ना?”

त्या क्षणी त्याने खरं सांगायला हवं होतं. किंवा काही न सांगता तिथंच पासवर्ड बदलायला हवा होता. दहा मिनिटं लागली असती. पण एन्क्रिप्शन बदललं तर सिस्टरचं प्रेशरचं मशीन बंद पडलं असतं, मग ते नवं घ्या, जोडा. आणि पासवर्ड बदलायचा म्हणजे आधीचा एकच होता हे कबूल करायचं, तेही ज्या बाईने त्याची मुलं हातात घेतली तिच्यापुढे.

“तुमच्या एकटीचाच आहे, सिस्टर,” तो म्हणाला.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बरणीतले शेंगदाण्याचे दोन लाडू त्याच्या हातावर ठेवले.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी सिस्टर प्रार्थनेला गेल्या असताना संकेत शिरगुप्पे त्या बंगल्यात शिरला. ऋतुजाचा त्याने गळा दाबला. मग तो कुठे पळून गेला नाही. फाटकाजवळ बसून राहिला. पोलीस आले तेव्हाही बसलेलाच होता.

मकरंदने बातमी मोबाइलवर वाचली. फोटो होता. मटार सोलणारी बाई आणि फाइलवरचं नाव यांची सांगड त्याच्या मनात लागायला थोडा वेळ लागला. लागली तेव्हा तो दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसला.

संकेतने खून कबूल केला. पत्ता कसा लागला असं पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, तिच्या भावाने सांगितला. अरिहंत मगदूम, शिरोळचा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. ऋतुजाने पळून आल्यावर त्याला एकदा फोन केला होता, आणि तो सिस्टरच्या फोनवरूनच. एवढं पुरलं. दोघा दाजी-मेहुण्यांचं पूर्वी चांगलं जमायचं, एकत्र सहलीला जायचे, हेही लोकांना आठवलं. अरिहंत शपथा घेऊन सांगत होता, की तिने पत्ता सांगितलाच नाही. कुणी ऐकत नव्हतं. कारखान्यात लोक त्याच्या टेबलावर चहा घ्यायला येईनासे झाले. त्याच्या आईने त्याच्याशी बोलणं सोडलं.

मकरंद हे सगळं ऐकत होता आणि कामाला जात होता. एकेका घरी जाऊन, काहीतरी निमित्त काढून, पासवर्ड बदलत होता. साठेक घरं झाली. सिस्टरच्या घरी मात्र तो गेला नाही.

महिन्याने त्यांचाच फोन आला. “तो डबा काढून ने. मला घरात नको.”

बंगल्यात मोठ्या खोलीतल्या खुर्च्या जागच्या हलवल्या होत्या. सिस्टर खंगल्या होत्या. मकरंद स्टुलावर चढून डबा काढत असताना त्या बोलत राहिल्या.

“चर्चमध्ये मी फोन आवाज बंद करून पर्समध्ये ठेवते. प्रार्थना झाल्यावर काढला तर त्यावर सूचना होती. ‘व्यक्ती दोन पडल्याची शक्यता.’ आठ मिनिटं होऊन गेली होती. मी चप्पल न घालता धावले.” त्या थांबल्या. “परवा तो भाऊ आला होता. फाटकाशी उभा राहून विचारत होता, सिस्टर, ताई माझ्याविषयी काही बोलली का. मी फाटक उघडलं नाही. आयुष्यात कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं मी. पण त्याचं तोंड बघवेना.”

मकरंदने डबा पिशवीत घातला.

दुकानात आल्यावर त्याने डबा टेबलावर ठेवून वायर लावली. डब्यात पंचेचाळीस दिवसांची नोंद राहते, मग जुनी आपोआप पुसली जाते. त्या रविवारला पस्तीस दिवस झाले होते. काहीही न करता तो दहा दिवस गप्प बसला असता तर विषय संपला असता.

त्याने नोंद उघडली.

त्या रविवारच्या आधीचा गुरुवार, दुपारी चार बारा. अनोळखी फोन जोडला गेला. पासवर्ड बरोबर. चार तेरा. नवी ओळख डब्यात टाकली, ऋतुजा. चार चौदा. व्यक्ती दोन म्हणजे ऋतुजा, जुळणी ब्याण्णव टक्के. चार पंधरा. ओळख पुसली. फोन गेला.

संकेतने काय केलं ते आता स्पष्ट होतं. मिरजेच्या गल्ल्यांमधून तो गाडी हळूहळू चालवत फिरला होता. फोनवर जिथे मकरंदचा डबा दिसेल तिथे थांबायचं, तोच पासवर्ड टाकायचा, बायकोचा श्वास डब्याला द्यायचा आणि विचारायचं, ही तुझ्याकडे आहे का. किती घरं धुंडाळली असतील कोण जाणे. कुणाला काही कळलं नव्हतं, कारण कुठलं दार वाजलं नव्हतं की कुठलं कुलूप तुटलं नव्हतं.

रविवार. नऊ दहाला व्यक्ती एक घराबाहेर. नऊ बावीसला तोच फोन पुन्हा जोडलेला. घरात एकच माणूस आहे याची खात्री त्याने रस्त्यावरूनच करून घेतली होती. त्यापुढच्या ओळी मकरंदने दोनदा वाचल्या. मग त्याने वायर काढली आणि तो बराच वेळ मोरीत तोंडावर पाणी मारत राहिला.

घरी त्याने पद्मजाला, बायकोला, सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली.

“संकेत तुरुंगात आहे ना?”

“आहे.”

“त्याला शिक्षा होणारच ना?”

“होईल.”

“मग तुम्ही सांगून ती परत येणार आहे का? अहो, चारशे घरं आहेत. उद्या एकेक जण येऊन उभा राहील, की आमच्या घरात कोण कोण डोकावून गेलं सांग. काय सांगणार?”

“तिचा भाऊ—”

“त्याचं वाईटच आहे. पण तुम्ही काही त्या संकेतला तिचा जीव घ्यायला पाठवलं नव्हतं.”

ती चुकीचं बोलत नव्हती. मुलं शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. त्यांना बाहेर लोक काय म्हणतील याची भीती तिला होती, आणि त्यालाही. तीन दिवस तो रोज डबा कपाटातून काढून टेबलावर ठेवायचा आणि परत आत ठेवायचा. चौथ्या दिवशी त्याने डबा पिशवीत घातला आणि आधी सिस्टरकडे गेला.

त्यांनी उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. तो सांगत होता, की पासवर्ड सगळीकडे एकच होता, संकेतला फाइल त्यानेच काढून दिली, आणि भावाने काही सांगितलं नव्हतं.

“मी तुला विचारलं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या.

“हो, सिस्टर.”

“मी सरळ विचारलं होतं. तू नाही म्हणाला असतास तर मी तिला त्याच दिवशी सोलापूरला माझ्या बहिणीकडं पाठवलं असतं. बॅग भरलेलीच होती तिची. तुझ्या शब्दावर तिने ती उघडली.”

मकरंदने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली.

“मला तुला माफ करायला सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “आमच्यात करायला सांगितलंय. मी प्रयत्न करीन. आज होणार नाही. जा, पोलिसांत जा. आणि त्या मुलाला मी फाटकातून घालवलं, त्याचं मी बघते.”

इन्स्पेक्टर तांबोळीबाईंनी त्याचा जबाब लिहून घ्यायला तीन तास घेतले. डबा सीलबंद झाला. संकेतला नोंद दाखवल्यावर त्याने खांदे उडवले. भावाचं नाव का घेतलं असं विचारल्यावर म्हणाला, “तो तिला माझ्याविरुद्ध भरवायचा.”

मकरंदवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. कंपनीने त्याचं काम काढून घेतलं. वर्तमानपत्रात त्याचं नाव आलं. काही घरांनी डबे उपटून टाकले, काहींनी शिव्या दिल्या. उरलेल्या घरी तो स्वतःहून जाऊन पासवर्ड बदलून देऊ लागला, लांब, प्रत्येकाचा वेगळा, एन्क्रिप्शन नवं, जुनी मशीन बंद. ब्राह्मणपुरीतले एक निवृत्त मास्तर दारातच म्हणाले, “वाचलं रे सगळं. फार वाईट झालं. पण माझा सोपाच ठेव. एवढं लांब माझ्या लक्षात राहायचं नाही.” मकरंदने त्यांना समजावलं. ते ऐकेनात. तो त्यांच्या पायरीवर तासभर बसला आणि बदलूनच उठला.

एका सकाळी अरिहंत मगदूम दुकानात आला. मकरंदने त्याला फोटोतही पाहिलेलं नव्हतं, पण डोळ्यांवरून ओळखलं. बहिणीसारखेच होते. तो मारेल असं मकरंदला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“पेपरात आलंय ते आईने वाचलं नाही,” अरिहंत म्हणाला. “मी वाचून दाखवलं तर उठून गेली. तिला वाटतंय मी कुणाला तरी पैसे देऊन छापून आणलं. तुम्ही चला.”

“मी?”

“तुम्ही तोंडाने सांगा तिला.”

दोघं मोटरसायकलवर शिरोळला गेले. घर साधं, पुढे पडवी. अरिहंतची आई, त्रिशलाबाई, पडवीत जोंधळे निवडत बसल्या होत्या. मुलगा आत गेला तरी त्यांनी मान वर केली नाही. मकरंद समोर उभा राहिला आणि त्याने आपलं नाव सांगितलं.

“बसा की,” त्या म्हणाल्या.

तो खाली फरशीवर बसला आणि सगळं सांगितलं. कठीण शब्द टाळून, न थांबता. एकच पासवर्ड. ती फाइल. रस्त्यावर उभी राहिलेली गाडी. अरिहंतला पत्ता माहीतच नव्हता. त्रिशलाबाईंचा हात सुपात फिरत होता, तो हळूहळू थांबला.

“म्हणजे त्या डब्याला घरात काय चाललंय ते कळत होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तुम्ही ते वाचलंय.”

“वाचलंय.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “मग मला एक सांगा. पोरगी झोपली होती का? रविवारची सकाळ होती. तिला उशिरापर्यंत झोपायला आवडायचं. मी रोज मनाला सांगत आलेय, की झोपेतच झालं असंल, तिला कळलं नसंल.”

अरिहंत आतल्या दारात उभा होता. त्याने मकरंदकडे पाहून मान किंचित हलवली. हो म्हणा, असंच त्याला म्हणायचं होतं.

मकरंदच्या डोळ्यांसमोर त्या ओळी होत्या. नऊ सत्तावीसपर्यंत मिनिटाला चौदा श्वास, स्वयंपाकघर, उभी. नऊ सत्तावीसला, बहुधा फाटक वाजल्यावर, एकतीस. मग ती खोलीच्या कोपऱ्यात गेली होती आणि भिंतीला टेकून निश्चल उभी राहिली होती. चार मिनिटं. मधले वीस सेकंद तिने श्वास रोखून धरला होता, आणि डब्याला वाटलं होतं की खोलीत कुणी नाही.

“नाही, काकू,” तो म्हणाला. “जागी होती. तिला कळलं होतं. लपली होती ती.”

“किती वेळ?”

“चार मिनिटं.”

त्रिशलाबाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. त्या जप करत असाव्यात, नाहीतर मोजत असाव्यात. चार मिनिटं जातील एवढा वेळ पडवीत कुणी बोललं नाही. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि दाराकडे वळून मुलाकडे पाहिलं.

“अरिहंत,” त्या म्हणाल्या. सहा आठवड्यांत त्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. “सकाळपासून काही खाल्लंस का?”

तो दारातच खाली बसला. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या. मकरंद आपल्या चपला घालून रस्त्यावर आला आणि मिरजेची एसटी येईपर्यंत उन्हात उभा राहिला.